कुंपणावरच्या कुळास अनावृत पत्र

श्री. रोझा मल्टीफ्लोरा,
मूळ गाव जपान. हल्ली मुक्काम आमच्या कंपाउंडची पूर्वेची भिंत, तिच्यावरची तारेची जाळी, मीटरच्या पेटीचा पत्रा आणि शेजारच्या बंगल्याची कपडे वाळत घालण्याची दोरी, पुणे
यांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमचे खरे नाव आता आम्हाला कळले आहे. आजवर या सोसायटीत तुम्ही ज्याला जे सुचेल त्या नावाने वावरलात. शेजारच्या काकू तुम्हाला 'वेलगुलाब' म्हणत. समोरचे आजोबा 'काश्मिरी' म्हणत (ते काश्मीरला जाऊन आलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नाही). आणि ज्या नर्सरीतून तुम्ही आमच्या घरी आलात तिथल्या गृहस्थांनी मोबाइलवरचा फोटो पाहून 'क्लायंबर आहे, जातिवंत आहे, नशीब काढलंत' असे सांगितले आणि वर शेणखताची एक पिशवी खपवली. तुम्ही यातले एकही नाव नाकारले नाहीत. वाऱ्यावर मान तेवढी डोलावलीत.

तुमच्या जोमाबद्दल मात्र दुमत नाही. जूनमध्ये जाळीच्या खालच्या तारेशी असलेला तुमचा शेंडा गणपतीत मीटरच्या पेटीवर होता आणि नवरात्रात शेजाऱ्यांच्या दोरीवर. रीडिंग घ्यायला येणारा मुलगा हल्ली हात लांब करून, डोळे मिटून फोटो काढतो. शेजारच्यांच्या सुनेची एक चांगली ओढणी तुमच्याकडे अजून अडकलेली आहे. ती सोडवायला गेले की माझी बाही अडकते. एवढे सगळे तुम्ही खताशिवाय, फवारणीशिवाय आणि मुख्य म्हणजे कोणी न सांगता केलेत. आमच्या घरात इतक्या स्वयंस्फूर्तीने कोणीही काहीही करत नाही.

पण आम्ही तुम्हाला आणलेच नव्हते, हा मूळ मुद्दा. आम्ही आणला होता ग्लॅडिएटर. महाराष्ट्रात गुलाब लावणाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १९५५ सालचा वाण, लाल भडक, लांब दांड्याचा; पॉलिहाउसचे प्लॅस्टिक डोक्यावर येण्याआधी आपल्याकडे उघड्या शेतात पिकणारा गुलाब म्हटला की पहिल्यांदा हेच नाव निघे. पहिले वर्षभर तो आमच्याकडे फुललाही. तेव्हा तुम्ही मातीखाली होता आणि तुमचे वागणे वाखाणण्यासारखे होते.

करारच तसा होता. मुळे तुमची, फुले त्याची. पाणी शोधायचे, ते वर पाठवायचे आणि तोंड दाखवायचे नाही. गुलाबाच्या धंद्यात तुम्हाला खुंट म्हणतात. तुमची पेन्सिलीएवढी काडी आधी रुजवतात, मग तिच्या बुडाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चीर देऊन साल अलगद उचलतात, ग्लॅडिएटरच्या फांदीवरचा एक डोळा त्या सालीखाली सरकवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा जिवंत राहून फुटला की त्याच्या वरचा तुमचा सगळा विस्तार छाटून टाकतात. त्या दिवसापासून माडी त्याची आणि पाया तुमचा. भाडेपावती नाही, दारावर पाटी नाही. ग्राहकाला विकताना फक्त माडीचे नाव सांगायचे, ही या धंद्याची रीत. पिशवीवर 'ग्लॅडिएटर' लिहिलेले असते. खाली कोण राहतो हे कोणी विचारत नाही.

मग ग्लॅडिएटरला शेंडेमर लागली. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची राहिली आणि फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली येऊ लागल्या. नाव योद्ध्याचे, पण लढला असे म्हणवत नाही. याच सुमारास मातीतून एक हिरवा, तुकतुकीत, सरळसोट फुटवा वर आला. माळीबुवा म्हणाले, 'बघा, झाड सावरलं.' घरात पेढ्याची भाषा सुरू झाली. मला तेव्हाच शंका आली होती. पण आमच्याकडे माझे मत नेहमीच अल्पमतात असते.

त्यानंतर माळीबुवांनाच एकदा कधीतरी संशय आला, आणि त्यांनी तो फुटवा कात्रीने जमिनीलगत कापला. तुम्ही त्याच जागेतून तीन पाठवलेत. त्यांनी ते तीन कापले. पुढचा हिशेब मी ठेवला नाही. खुंटाचा फुटवा कापायचा नसतो, हे गुलाबवाल्यांचे पहिले व्रत. माती उकरत तो जिथून निघाला तिथवर जायचे आणि खाली ओढून टाचेसकट उपटायचा. कापला की बुडाशी राहिलेले डोळे जागे होतात. त्याहून बरे म्हणजे हा प्रसंगच येऊ न देणे. खुंटाची काडी रुजत घालतानाच तिचे मातीखाली जाणारे डोळे चाकूने कोरून काढायचे असतात, म्हणजे खालून काही फुटायचे कारणच उरत नाही. तुमचे डोळे कोणी काढले नाहीत. हजारो काड्या खोचायच्या असल्या की कोणाला वेळ असतो? तेवढ्यापुरते तुमच्या गुन्ह्यात नर्सरीवालेही सहआरोपी आहेत, पण त्यांचे दुकान आता मॉलच्या पार्किंगखाली गेले आहे, म्हणून हे पत्र एकट्या तुम्हाला.

'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आमच्याकडे कुळकायद्याने मान्य झाले आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, हे तुमच्या कानावर कोणी घातले ते कळायला मार्ग नाही. मालक आजारी, कूळ धट्टेकट्टे; वर्षभरात ताबा तुमचा झाला. ग्लॅडिएटरचा एक करडा, वाळका खुंटारा तेवढा उरला, आणि त्यालाही तुम्ही टेकू म्हणून वापरलेत.

ओळख पटवायला फार कष्ट पडले असे म्हणायला मला आवडले असते, कारण सोसायटीत त्याने वजन वाढले असते. प्रत्यक्षात तुम्ही पुरावा प्रत्येक पानाच्या बुडाशी ठेवून दिला आहे. लोक भलतीकडेच बघतात. आपल्याकडचा सर्वमान्य नियम असा: पाच पाने म्हणजे गुलाब, सात पाने म्हणजे रानटी. नियम सोपा आहे, म्हणून तो सगळ्यांना पाठ आहे, आणि तो भरवशाचा नाही. चांगल्या घरच्या, प्रदर्शनात बक्षिसे घेणाऱ्या पुष्कळ गुलाबांनाही सात पर्णिका येतात. कित्येकदा एकाच झाडावर पाच आणि सात दोन्ही दिसतात. तुमच्या पानात बहुधा सात ते नऊ असतात, म्हणून नियम तुमच्याबाबतीत योगायोगाने बरोबर निघाला. या नियमाच्या भरवशावर लोकांनी निरपराध फांद्या तोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

मी सासऱ्यांचे पोस्टाची तिकिटे बघायचे भिंग घेतले आणि तुमचे एक पान देठासकट खुडून पांढऱ्या कागदावर ठेवले. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे त्याच्या दोन्ही अंगांना दोन अरुंद हिरव्या पट्ट्या असतात, उपपर्णे. ग्लॅडिएटरच्या उपपर्णांचा काठ सरळ, साधा. तुमच्या काठावर मात्र सगळीकडे लांब, बारीक, केसाळ दाते, एकाला एक लागून, आणि भिंग जवळ नेले तर त्यातल्या कित्येकांच्या टोकाला तांबूस ठिपका, ग्रंथीचा. एवढी झालर लावून हिंडणारे गुलाब फार थोडे. तुमचा चुलतभाऊ विचुराना याच्याही उपपर्णांना दाते असतात, पण तो जमिनीवर लोळणारा, आणि त्याची पाने तेल लावल्यागत चकाकणारी. तुमची पाने निस्तेज, खालच्या बाजूने बारीक लव असलेली. संशयित दोनच होते, एक सुटला.

फुलांनी उरलेले काम केले. पाच पाकळ्यांचे, पांढरे, जेमतेम इंचाचे फूल. असे घोसात कित्येक. पाकळ्या गळल्या की मध्ये बघावे. ग्लॅडिएटरच्या फुलात स्त्रीकेसरांचे दांडे सुटे-सुटे असतात, तुमच्यात ते सगळे एकत्र जुळून एकच खांब उभा राहतो आणि पुंकेसरांच्या मधून वर डोकावतो. हा खांब तुमच्या सगळ्या भावकीचा शिक्का: कस्तुरी गुलाब, विचुराना आणि तुम्ही. इंग्रजीत ज्यांना रॅम्बलर म्हणतात ते वेलगुलाब बहुतेक याच भावकीतून निघाले. फांद्या लवचीक, फुले लहान, घोस मोठे, बहर वर्षातून एकदाच. ज्याला क्लायंबर म्हणतात तो वेगळा. त्याच्या फांद्या ताठ, फुले मोठी आणि बहर पुन्हा-पुन्हा, आणि पुष्कळदा तो नेहमीच्या झुडपी गुलाबाचाच उंच निघालेला भाऊ असतो. नर्सरीतल्या गृहस्थांना हा फरक माहीत नसेल असे मी म्हणत नाही. शेणखत दोघांनाही चालते.

शेवटचा पुरावा मातीत. रविवारी सकाळी समोरच्या आजोबांना पंच नेमून रीतसर पंचनामा केला. खुरपीने बुडाजवळची माती बाजूला सारली तेव्हा डोळा भरल्याची गाठ सापडली, सुजलेल्या कोपराएवढी. गाठीच्या वर ग्लॅडिएटरचे वाळके खोड. गाठीच्या खाली, चार बोटांवर, तुमची मनगटाएवढी जाड, हिरवी, जिवंत फांदी. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, 'म्हणजे काश्मिरी नाही.' आता ते तुम्हाला 'जपानी' म्हणतात आणि ते आधीपासूनच तसे म्हणत होते असे सांगतात.

काट्यांचा उल्लेख राहिला. ते पानाच्या बुडाशी जोडीने येतात आणि खाली वळलेले असतात. त्यामुळे तुम्हाला वर चढताना जाळीचा आधार मिळतो आणि आम्हाला हात बाहेर काढताना मिळत नाही. तुमच्यात बिनकाट्याचेही प्रकार आहेत, डोळे भरणाऱ्यांच्या बोटांची कणव येऊन निवडून ठेवलेले. आमच्या वाट्याला ते आले नाहीत.

फुलांवरून आठवले. एवढा पसारा केल्यावर माणूस काहीतरी फुलेल अशी अपेक्षा होती. पहिली काही वर्षे तुम्ही एक कळी दाखवली नाहीत, आणि दोष पुण्याच्या हवेला गेला. तो सगळाच चुकीचा नाही. तुम्ही जपान-कोरियाच्या बर्फातले, आणि पुण्याचा हिवाळा म्हणजे सकाळच्या फेरफटक्यापुरता स्वेटर. पण दुसरे कारण आमच्याच कात्रीत होते. महाराष्ट्रात गुलाबाची छाटणी पावसाळा संपला की, ऑक्टोबरात होते. हायब्रिड टी नव्या फुटीवर फुलतो, त्याला ती मानवते. तुम्ही फुलता ते आदल्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर. म्हणजे दर ऑक्टोबरात माळीबुवा तुमचे येणारे फूल शिस्तीत कापून कचऱ्याच्या गाडीत टाकत होते, आणि तुम्ही त्या बदल्यात आणखी चार हात फांदी देत होता. वेलगुलाबाची छाटणी बहर ओसरल्यावर करायची, ऑक्टोबरात नाही. एका वर्षी माळीबुवा गावाला गेले, छाटणी राहिली आणि फेब्रुवारीअखेर भिंतीवर पांढरे घोस आले. मधाच्या अंगाचा मंद वास होता, मधमाश्या होत्या, दुपारी भिंतीखालून जाणारे थांबत होते. दोन आठवडे. मग वर्षभर पुन्हा नुसती ओढणी.

या दोन आठवड्यांनी घात केला. सोसायटीतल्या प्रत्येकाला तुमची फांदी हवी झाली. 'एक छोटीशी द्या हो, आमच्या गॅलरीत चढवायचीय.' मी त्यांना उपपर्णांची झालर दाखवली, पंचनाम्याचे फोटो दाखवले. त्यावर शेजारच्या काकूंचा प्रश्न: 'पण लागते ना लगेच?'

लागते. दुर्दैवाने इतकी लागते की त्यात कौशल्य दाखवायला वावच राहत नाही. पेन्सिलीच्या जाडीची, सहा-आठ इंचांची, तीन-चार डोळ्यांची काडी; ना कोवळी, ना जून. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा डोळ्याच्या किंचित वर. खालची पाने काढून टाकायची, वरची एक-दोन ठेवायची. टोक हवे तर आयबीएच्या रूटिंग पावडरमध्ये बुडवायचे. तुमच्यासाठी तो निव्वळ उपचार. निम्मी वाळू, निम्मे कोकोपीट, सावली, आणि पावसाळ्याची दमट हवा. महिनाभरात काडी ओढून पाहिली तर ती धरून बसलेली असते. ग्लॅडिएटरची काडी अशीच लावून पाहा: बरीचशी काळी पडतात, आणि जी लागतात त्यांची मुळे आपल्या जमिनीत जन्मभर दुबळी राहतात. तुमच्या खांद्यावर त्याला बसवतात ते त्याचसाठी. जो गुण पाहून तुम्हाला कामाला ठेवले, तोच पुढे गुन्हा म्हणून नोंदला गेला, ही तुमची बाजू मला मान्य आहे. कोर्टात ती उपयोगी पडणार नाही, कारण हा तुमचा पहिला गुन्हा नाही.

फुकट फांद्या वाटण्याचा प्रयोग काकूंच्या आधी अमेरिकेच्या सरकारने केला आहे. १८६६ मध्ये तुम्ही जपानहून तिथे गेलात ते खुंट म्हणूनच, पाहुण्याच्या वेषात. १९३० च्या दशकात तिथल्या मृदसंधारण खात्याला तुमच्यात मातीची धूप थांबवणारा मित्र दिसला. शेतकऱ्यांना सांगितले, तारेचे कुंपण कशाला, हे जिवंत कुंपण लावा. गुरे बाहेर जाणार नाहीत, पाखरांना आसरा होईल. राज्याराज्यांतून तुमची रोपे वाटली गेली. हायवेच्या दोन पदरांच्या मधोमधही तुम्हाला उभे केले, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडावा आणि भरकटलेली गाडी तुमच्यात रुतून थांबावी म्हणून. तुम्ही ही सगळी कामे चोख बजावलीत आणि मग शेजारच्या कुरणांत शिरलात. तुमच्या एका मोठ्या झुडपाला वर्षाला दहा लाखांपर्यंत बिया लागू शकतात असा तिथला अंदाज. पाखरे त्या लाल बोंडांसकट गिळतात आणि लांब नेऊन टाकतात, आणि मातीत त्या दहा-वीस वर्षेही जीव धरून राहतात. आज तीच राज्ये तुम्हाला उपद्रवी तण म्हणतात आणि तुम्हाला खायला शेळ्या सोडतात. भरीला तिथे एक विषाणूचा रोग आहे, रोझ रोझेट. उघड्या डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड त्याचा प्रसार करते आणि तुमची रानोमाळ माजलेली झुडपे त्या दोघांना आसरा देतात. त्यात तुम्हीही मरता, आणि शेजारच्या बागांतले गुलाबही. शेळ्यांचा उपाय मी सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवला होता. तो इतिवृत्तात आला नाही.

तुमच्या घराण्यात नाव काढणारे नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. १८९३ मध्ये इंग्लंडात टर्नर यांनी बाजारात आणलेला क्रिमसन रॅम्बलर तुमच्याच रक्ताचा आणि तोही मूळचा जपानी बागेतला. त्याने तिथल्या भिंतींना वेड लावले होते. फ्रान्समध्ये गियो यांनी १८७५ मध्ये तुमच्या वंशातून पाकरेट काढला, बुटका, घोसाने फुलणारा. त्यातून पॉलिअँथा आले, पॉलिअँथांचा हायब्रिड टीशी संकर करून डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी १९२४ मध्ये एल्स पोल्सेन काढला, आणि मग फ्लोरिबंडांची रांग लागली. काकूंच्या कुंडीत वर्षभर पांढरा फुलणारा आइसबर्ग तुमचा दूरचा नातू लागतो. काकूंना हे सांगितल्यापासून त्या त्याला नुसते पाणी घालत नाहीत, त्याच्यावर नजर ठेवतात.

आणि वेलगुलाबांत प्रामाणिकपणे पसरणारेही आहेत. अमेरिकेत टूमस्टोन नावाच्या गावात १८८५ साली लावलेला पांढरा बँक्सिया गुलाब आज आठ हजार चौरस फुटांहून मोठ्या मांडवावर पसरला आहे. तो बहुतेक बिनकाट्याचा, आणि त्याला बघायला लोक तिकीट काढतात. पसरायचे तर असे, उत्पन्न दाखवून. आपल्याकडे कोडाईकनालला विरू वीरराघवन यांनी सनदी नोकरी सोडून मणिपूरच्या रोझा जायगँटियापासून उष्ण हवेत टिकतील असे वेलगुलाब तयार केले. एखाद्याला खरोखर भिंत मढवायची असेल तर त्या वाटेने जावे. तुमच्या वाटेने भिंत मढते, मग खिडकी मढते, मग माणूस आत मढतो.

एक दुखरी जागा मला सापडली आहे, ती सांगून ठेवते. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तुमचे तोंड उतरते. लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणून तसल्या जमिनीकडचे लोक तुमच्याऐवजी रोझा इंडिका खुंटाला धरतात, आणि पॉलिहाउसवाल्यांनी तर नाताल ब्रायर नावाचा तिसराच गडी आणला आहे. तुम्ही वाटता तितके अपरिहार्य नाही आहात. आमच्याकडे तांबडी माती आणून घातली ती आमच्या यजमानांनी, मोठ्या हौसेने, टेम्पो भरून.

तर आता शिक्षेकडे. तुम्हाला मुळासकट काढावे असा एक पक्ष होता. माळीबुवा त्या पक्षात होते. त्यांनी कुदळही आणली होती. पण परवा कढीपत्त्याची कुंडी हलवताना ती हलेना. पाहते तर तुमची एक फांदी जाळीवरून कमान करून खाली आली होती, शेंड्याने कुंडीच्या मातीत शिरली होती आणि तिथे मुळे धरून स्वतंत्र संसार थाटून बसली होती. कोणी काडी कापली नव्हती, पावडर लावली नव्हती, कोकोपीट आणले नव्हते. दाब कलम शिकायला लोक कृषी विद्यापीठाच्या वर्गांना जातात, आणि इथे तुम्ही ते कोणाला न विचारता, दुसऱ्याच्या कुंडीत केलेत. असा गडी उपटून टाकणे म्हणजे मुजोरीच होईल. तेव्हा ठरले ते असे.

भिंतीवरचा पसारा या वर्षी बहर ओसरला की तीन-चार फांद्यांवर आणण्यात येईल; जुन्या बुडापासून, नव्या राखून. मीटरच्या पेटीपलीकडे गेलेले सगळे जप्त. कढीपत्त्यातले रोप जेवढे मुळाशी धरून आहे तेवढे तसेच काढून पिशवीत लावले आहे. त्याचे मातीखालचे डोळे मी स्वतः कोरून काढले आहेत, एकही सोडलेला नाही. डिसेंबर-जानेवारीत रस चढला आणि साल सुटू लागली की डोळे भरणारे एक मामा येणार आहेत; त्यांचा चाकू तुम्ही पाहिला नसेल, पण त्यांनी तुमच्यासारखे पुष्कळ पाहिले आहेत. ग्लॅडिएटरचाच डोळा आणायचे ठरले आहे. गाठ या वेळी मातीच्या चांगली वर राहील, म्हणजे खालून कोण निघाले आणि वरून कोण, याला पंचांची गरज पडणार नाही.

काकूंना काडी मिळेल. आजोबांनाही. पण भिंतीवर सोडायला नाही, डोळा भरायला. आणि प्रत्येक पिशवीला एक पत्र्याची चिठ्ठी बांधून. वर वाणाचे नाव, खाली तुमचे, सारख्याच अक्षरात. इतकी वर्षे तुम्ही ज्यांना उचलून धरलेत त्या कोणाच्याही पिशवीवर तुमचे नाव नव्हते, याचा राग तुम्ही आमच्या भिंतीवर काढलात असे मी धरून चालते. राग रास्त होता. भिंत आमची होती.

सुनेची ओढणी फाटली तरी चालेल, पण परत करावी. ती तिने लग्नात घातलेल्या घागऱ्यावरची आहे आणि काकू अजून मला त्याबद्दल बोलल्या नाहीत, याचा अर्थ त्या बोलणार आहेत.

कळावे, लोभ आवरावा.

तुमची,
(सातबाऱ्यावरची) मालकीण

ता. क. – सोसायटीची सर्वसाधारण सभा येत्या महिन्यात आहे. तुमच्याकडून जागेचा वापर होतो म्हणून तुमच्या नावे मेन्टेनन्स आकारावा, असा ठराव आजोबांनी दिला आहे. मी विरोधात मत देणार आहे. एकदा का तुमच्या नावाने पावती फाटली की पुढच्या सभेला तुम्ही कमिटीवर निवडून याल.